नियम क्रमांक चार

सकाळी सहाच्या ठोक्याला ऐरोलीतल्या ‘सहजीवन’ सोसायटीच्या तीनशे चार नंबरमध्ये नळाने घसा खाकरला, आणि हौसेराव जोगदंड यांनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरली.

“घरात फुकू नगा,” रखमाबाई मोरीतून म्हणाल्या. “पोरीचा आत्ता कुठं डोळा लागलाय.”

“फुंकत नाही. सज्ज राहिलोय.”

“कुणासंगं लढाई हाय?”

“ते खाली गेल्यावर कळेल. या इमारतीत कुणीतरी आहे, रखमा. आजोबांनी धरण बांधून ठेवल्यासारखा पाणी उधळतोय. सापडू दे एकदा!”

एवढं बोलून हौसेराव तरातरा जिना उतरले. मागे मोरीत पिंपाचं झाकण आदळलं आणि पाण्याचा भळभळाट सुरू झाला. पण हौसेरावांनी मागे वळून पाहिलं नाही. शत्रू बाहेर असतो, अशी त्यांची समजूत होती.

हौसेराव पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या काटकसरीच्या परिपत्रकांचे मसुदे लिहिले. या एकतीस वर्षांत त्यांचं एकही परिपत्रक कुणी पाळल्याची नोंद नव्हती. त्यामुळे मे महिन्यात धरणाचा तळ दिसू लागला, महापालिकेने पाणीकपात जाहीर केली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये “पानी समितीवर कोन?” असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्या माना हौसेरावांकडे वळल्या. समिती एकसदस्यीय होती. त्यामुळे तिच्यात मतभेद नव्हते.

प्रश्न विचारणारा सेक्रेटरी कुंदन म्हात्रे हा मूळचा तळवलीचा. त्याच्या लहानपणी त्याच्या घरच्यांची भातशेती होती, आता त्या जागी तीन इमारती होत्या आणि कुंदनला एक पांढरीशुभ्र मोठी गाडी होती. ती तो रोज पाइप लावून आंघोळ घातल्यासारखी धुवायचा.

खरी गोम पुढे होती. कपात लागू झाल्यावर महापालिकेचा मीटर वाचणारा माणूस शुक्रवारी आला, आकडा टिपला आणि जाताजाता म्हणाला, “पुढच्या शुक्रवारपर्यंत वापर वीस टक्के खाली आला पाहिजे. नाही आला तर शनिवारपासून तुम्हाला दिवसाआड पाणी.”

“बरा,” असं म्हणून कुंदन मोबाइलकडे वळला. पण हौसेराव बोटांवर मोजत राहिले. शनिवारी येणार. म्हणजे रविवारी नाही. आणि रविवारी त्यांच्या नातीचं नामकरण होतं.

चाळीस माणसं जेवायला होती. चाळिसांचंही काही नव्हतं, पण त्यांत थोरला भाऊ दत्तू होता. केजकडच्या त्यांच्या गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा. आणि गेली पंचवीस वर्षं हौसेराव गावी जाऊन पारावर सांगत आले होते, “आमच्याकडे काय, तिसऱ्या मजल्यावर चोवीस तास पाणी. नळ फिरवला की झालं.” दत्तूदादाने ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तो आयुष्यात पहिल्यांदा ऐरोलीला येणार होता, जीप भरून भावकी घेऊन. त्या भावकीसमोर नळ फिरवायचा, आणि त्यातून फुस्स करून हवा यायची? 

शनिवारी सकाळी प्रत्येक दारावर परिपत्रक लागलं. पाइप लावून झाडांना पाणी घालण्यास मनाई. गाड्या धुण्यास मनाई, ओल्या फडक्याने पुसाव्यात. गॅलरी धुण्यास सक्त मनाई. आणि नियम क्रमांक चार, जो हौसेरावांच्या दूरदृष्टीचा कळस होता: ‘साठविलेले पाणी चोवीस तासांवर ठेवू नये. सर्व भांडी, पिंपे, बादल्या दररोज सकाळी पूर्ण रिकामी करून, घासून, मगच ताजे पाणी भरावे. डासांच्या उत्पत्तीस आपण वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले जाल.’

घरात सव्वा महिन्याची पोर होती. डासांचा बंदोबस्त हवाच होता. आरोग्य खात्याच्या पत्रकात भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करा असं म्हटलं होतं, पण हौसेरावांना सरकारी अनुभव होता. एकदा म्हटलं की लोक महिन्यातून एकदा करतात. म्हणून आपण रोज म्हणायचं, म्हणजे आठवड्यातून एकदा होईल. परिपत्रक कोण शब्दशः पाळतो?

मग शिट्टी सुरू झाली. पहिली शिट्टी दोनशे चारच्या मीना सबनीस यांच्यावर पडली. त्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या.

“अहो काका, एक तांब्या आहे!”

“थेंबे थेंबेच तळं रिकामं होतं, मीनाताई!”

“मग आता तुळशीला काय, ओल्या फडक्याने पुसू?”

“नियमात बसत असेल तर पुसा.”

दुसरी शिट्टी कुंदनवर पडली. तो बिचारा पाइपला हात लावण्याआधीच थांबला. तीन दिवसांत त्याच्या पांढऱ्या गाडीचा रंग सांगता येईना. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून ठेवलं.

“काका, काल हलदीला गेलतू,” कुंदन कळवळून म्हणाला. “लोकांना वाटला, खदानीवरशी डायरेक आलू.”

“त्याग आहे हा, कुंदन. सोसायटी लक्षात ठेवेल.”

गॅलऱ्या कोरड्या पडल्या. गाड्या मळल्या. कुंड्यांतला मोगरा माना टाकून बसला. सोळाच्या सोळा घरांत एकही शॉवर सुरू नव्हता. हौसेरावांनी सोमवारी अभिमानाने मीटरचं झाकण उघडलं, चष्मा पुसला, परत घातला, आणि झाकण लावून पुन्हा उघडलं.

वापर वाढला होता. थोडाथोडका नव्हे, सव्वापट.

“हरामखोरी!” त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. “इथे माणसं तुळशी वाळवतायत, आणि कुणीतरी घरात बसून पाण्याचा अभिषेक करतोय! ही नीतिमत्ता? हे शिक्षण? याच कारणाने या देशात कुठलाही नियम टिकत नाही!”

“लीकेज असंल, काका,” कुंदन म्हणाला.

म्हणून मंगळवारी पहाटेच घणसोलीहून वामन प्लंबरला बोलावलं. त्याने टाकी पाहिली, पाइपांना कान लावले, गच्चीवर गेला, मागच्या गल्लीत उतरला, आणि सांडपाण्याचे चेंबर उघडून बराच वेळ उकिडवा बसला.

“लीकेज नाय, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “पण एक गोष्ट सांगतो. तुमच्या चेंबरला सकाळी सहाला साफ पाणी येतंय. वॉचमनपण तेच बोलला. साबण नाय, फेस नाय, भाताचं शीत नाय. आमी तीस वर्षं चेंबर बघतोय. इतकं सोज्ज्वळ सांडपाणी कधी बघितलं नाय.”

“म्हणजे कुणीतरी नळ सोडून ठेवतो!”

“ते तुमी शोधा. मी पाइपाचा मानूस. मानसांचं लीकेज आपल्याला जमत नाय.”

हौसेराव घरी आले ते विचारात. फळीवर नामकरणाच्या जिलब्यांसाठी आणलेला खायच्या केशरी रंगाचा डबा होता. त्यांची नजर त्याच्यावर पडली आणि तिथेच खिळली.

“तो डबा कुठं घेऊन चाललाव?” रखमाबाईंनी विचारलं.

“पुराव्यासाठी.”

“जिलबीला काय घालू मग? पुरावा?”

संध्याकाळी अख्खा डबा गच्चीवरच्या टाकीत गेला. ग्रुपवर मेसेज गेला: ‘उद्याचे पाणी केशरी येईल. रंग खाण्याचा आहे. घाबरू नये. ही शोधमोहीम आहे. सहकार्य करावे.’ रंगीत पाणी कोणत्या चेंबरला वाहतं ते पाहायचं, की चोर सापडला, असा सरळ हिशेब होता.

बुधवारी सकाळी घराघरांच्या नळांतून केशरी धार लागली. मीनाताईंच्या इडल्या गाजराच्या झाल्या. कुंदनचा एकुलता एक पांढरा झब्बा त्याच्या बायकोने भिजवला आणि तो इतका केशरी निघाला, की नाक्यावर तीन जणांनी त्याला बाजूला घेऊन पक्ष कधी बदलला ते विचारलं. पण भरायचं पाणी सगळ्यांनी निमूटपणे भरून ठेवलं. नाइलाज होता. दुसरं येणारच नव्हतं.

आणि सहाच्या ठोक्याला मागच्या गल्लीत उभ्या हौसेरावांना कोणत्याच चेंबरमध्ये केशरी थेंब दिसला नाही. साफ पाणी मात्र भळाभळा वाहून गेलं. त्यांचं डोकं चालेना. टाकीत केशरी, नळात केशरी, आणि गटारात साफ? चोर पाणी गाळून टाकतो की काय?

गुरुवारी पहाटे त्यांनी साक्षीदार म्हणून कुंदनला झोपेतून उठवून खाली आणलं. टाकी आदल्या दिवशीच तळापर्यंत रिकामी झाली होती. आता तिच्यात स्वच्छ पाणी होतं. सहा वाजले. वर घराघरांतले नळ खाकरले. आणि चेंबरमधून धो धो पाणी वाहू लागलं.

केशरी.

“काका,” कुंदन डोळे चोळत म्हणाला, “नलाला साफ हाय ना? मग हा तं कालचा पानी.”

हौसेरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “साठवलेलं पाणी फेकतायत! अरे, पिण्याचं, भरून ठेवलेलं, धडधडीत चांगलं पाणी! बघ, चारही लायनींना येतंय. सगळे सामील आहेत! आणि ही शेवटची लाइन बघ, ही तर नदी आहे नदी! कुणाची आहे ही?”

कुंदनने पाइपावरून नजर वर वर नेली. “चार नंबरवाल्यांची. एकशे चार गावी गेल्यात. चारशे चारला दोन वर्सां कुलूप. दोनशे चारला मीनाताई.” तो थांबला. “आनि तीनशे चार.”

“मीनाताई!” हौसेराव गरजले, आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

मीनाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात उपडा हंडा होता.

“हंडा रिकामा केलात?”

“केला.”

“का?”

“शिळं पाणी होतं.”

“शिळं? पाणी? लाज नाही वाटत? शिकलेल्या बाई तुम्ही!”

“काका, आवाज खाली. माझा एक हंडा आणि एक बादली. वरून कान देऊन ऐका जरा.”

हौसेरावांनी मान वर केली. वरच्या मजल्यावरून धबधब्यासारखा आवाज येत होता. तीनशे चारमधून.

हौसेराव आपल्याच घराच्या मोरीच्या दारात पोचले, तेव्हा रखमाबाई पदर खोचून दोनशे लिटरचं दुसरं पिंप कलंडवत होत्या. नामकरणाला पाणी कमी पडू नये म्हणून ही दोन निळी पिंपं खुद्द हौसेरावांनीच शनिवारी आणली होती. केशरी लोंढा मोरीतून फिरत फिरत चालला होता.

“रखमा! काय करतेस?”

“रोज करते तेच. बाजूला व्हा, धोतर भिजंल.”

“रोज? रोज दोन पिंपं?”

“अन चार हंडे, अन बादल्या.” रखमाबाई ओल्या हाताने उठल्या, फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद काढला आणि सुनेला हाक मारली. “क्रांती, वाच गं चौथा नंबर. मला चष्मा न्हाई.”

क्रांतीने बाळाला खांद्यावर थोपटत, सासऱ्यांकडे न बघता वाचलं, “सर्व भांडी, पिंपे, बादल्या दररोज सकाळी पूर्ण रिकामी करून...”

“आमचेकडं पन रोज टाकतान,” कुंदन दारातून म्हणाला. “आईस बोलली, शिला पानी तशापन कोन पीत नाय. वरशी काकांचा नियम हाय. वैयक्तिक जबाबदार धरतान.”

“आधी मी एक हंडाच भरायचे,” मागून मीनाताई म्हणाल्या. “आता कपात आहे म्हणून सगळंच भरून ठेवते. आणि सकाळी सगळंच ओतते. हात भरून येतात हो काका, पण म्हटलं, नियम म्हणजे नियम.”

हौसेरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संताप तर शिगोशीग भरला होता, पण ओतायचा कुणावर ते समजेना.

“अरे, पण तुम्ही पाळलात?” ते शेवटी ओरडले. “परिपत्रक? शब्दशः? एकतीस वर्षं मी लिहितोय, अख्ख्या महाराष्ट्रात एका माणसाने पाळलं नाही! त्या भरवशावर लिहिलं होतं मी!”

“तुमी लिवलं, आमी पाळलं,” रखमाबाई म्हणाल्या. “आता त्याच्यावरबी शिट्टी फुकनार का?”

शुक्रवारी मीटर वाचणारा माणूस आला. त्याने आकडा दोनदा तपासला आणि “कपातीत वाढ दाखवणारी तुमची पहिलीच सोसायटी बघतोय” असं म्हणून कागद हातात ठेवला. शनिवारपासून दिवसाआड.

शनिवारी आलेलं पाणी मात्र कुणी ओतलं नाही. हौसेराव स्वतः दोन्ही पिंपांवर झाकण ठेवून बसून राहिले.

“पण उद्या ते शिळं होनार,” रखमाबाईंचा जीव तुटत होता. “पाव्हन्यास्नी शिळं पाणी द्यायचं? जल्मात पहिल्यांदा यायलेत भावजी.”

हौसेरावांनी झाकण नुसतंच घट्ट दाबलं. त्यांनाही आतून तेच वाटत होतं.

रविवारी सकाळी आठला जीप आली. पांढरं धोतर, टोपी, आणि दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन दत्तूदादा तिसरा मजला चढला.

“हे काय आणलंस, दादा?” हौसेरावांनी विचारलं.

“पाणी. सूनबाई फोनवर बोलली, ऐतवारी नळाला पाणी न्हाई. म्हनलं, पाव्हन्यानं हात हालवीत जाऊ ने. हिरीच्या तळाला होतं थोडं, परवा दिशी शेंदून ठिवलं.” मग तो स्वयंपाकघरात शिरला, मोठ्या कुतूहलाने नळाजवळ गेला आणि तो फिरवला. नळ म्हणाला, फुस्स.

“हाच का रं तो? चोवीस तासवाला?”

सगळी भावकी नळाकडे पाहत होती. हौसेराव जमिनीकडे पाहत होते.

“पिंपात पाणी हाय भावजी,” रखमाबाई घाईने म्हणाल्या. “पर... कालचं हाय. शिळं.”

“शिळं?” दत्तूदादा पाटावर बसला. “आमच्याकडं टँकर आठ दिसाला. मग सात दिस आमी काय शिळं पितो? हिरीतलं कवाचं? अन ह्या तुमच्या धरनातलं कवाचं? गेल्या सालच्या पावसाचं. ते ताजं, अन पिंपातलं कालचं तेवढं शिळं? आरं हौशा, इतकी वर्सं पाटबंधाऱ्यात काय केलास?”

“परिपत्रकं काढली,” हौसेराव पुटपुटले.

त्रिशरण, पंचशील झालं. पोरीचं नाव मैत्री ठेवलं. चाळीस माणसं जेवली. जिलब्या पांढऱ्या फटक होत्या, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दत्तूदादाच्या पहिल्या कॅनमधलं पाणी प्यायला मीनाताई दोनदा आल्या. “काय गोड पाणी हो! अगदी ताजं!” कुंदनने एक बाटली आईसाठी भरून नेली. हौसेरावांनी त्याच दुपारी नियम क्रमांक चार रद्द करून नवा चिकटवला: ‘पाणी शिळे होत नाही. चांगले पाणी ओतताना आढळणाऱ्याचे नाव फलकावर लावण्यात येईल.’

सोमवार पाण्याचा दिवस होता. सहाला दहा कमी असताना शिट्टी गळ्यात अडकवून हौसेराव मागच्या गल्लीत गेले. चेंबरची झाकणं उघडली. कुंदन जांभया देत शेजारी उभा राहिला. सहा वाजले. नळ खाकरले. पहिली लाइन कोरडी. दुसरी कोरडी. तिसरी कोरडी. हौसेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते सांडलं. नियम पाळला जात होता, आणि या वेळी तो बरोबर होता.

तोच चौथ्या लाइनीतून गुळगुळ आवाज झाला, आणि स्वच्छ, नितळ, मोत्यासारख्या पाण्याची धार चेंबरमध्ये पडली.

“वरशी येतंय,” कुंदन म्हणाला.

हौसेराव धावत सुटले. दोन, तीन, मोरी. मोरीत दत्तूदादा उकिडवा बसून आपला दुसरा कॅन, काल उघडलाही नव्हता तो, तळापर्यंत ओतून खळखळून विसळत होता.

“दादा! गावाकडचं पाणी! हिरीचं! ओततोस?”

“मग काय रं. चार दिसाचं झालं की ते. गाडीत तापलंय. शिळं पाणी कोन वागवत न्हेतं परत?” दत्तूदादाने रिकामा कॅन खळाखळा वाहणाऱ्या नळाखाली धरला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. “हे ताजं भरून न्हेतो. पारावर दावतो सगळ्यास्नी. हौशाच्या तिसऱ्या मजल्याचं पाणी.”

“पण काल तूच म्हणालास, पाणी शिळं होत नाही!”

“काल नळ कुठं आल्ता?” दत्तूदादा शांतपणे म्हणाला. “नळ न्हाई तवर ते ताजंच व्हतं.”

हौसेरावांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांपर्यंत आली. पण थोरल्या भावावर शिट्टी फुंकण्याची तरतूद कुठल्याच परिपत्रकात नव्हती. त्यांनी ती हळूच खिशात टाकली, खाली वाकले, आणि कॅनचं तोंड नळाखाली नीट सरळ धरलं. थेंब सांडायला नको.

खालून कुंदनची हाक आली, “काकाऽ! कोनाच्या घरशी येतंय? फलकावर नाव कोनाचा लिवू?”

हौसेरावांनी मोरीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला होता.

“चारशे चार!” ते ओरडले. “दोन वर्षं कुलूप लावून आत काय धंदे चालवतात कोण जाणे! आजच नोटीस काढतो त्यांना!”